फोटो तिचे, खोकं त्याचं!

शिकागोतल्या एका नॅनीनं आयुष्यभर फोटो काढले आणि जवळजवळ कुणालाच दाखवले नाहीत. ती गेली, आणि फोटो जगभर गाजले. मग प्रश्न आला – हे फोटो नक्की कुणाचे? त्या भांडणाचा माग काढत केलेली शिकागोची एक हटके सफर…

शिकागो म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? स्वामी विवेकानंदांचं १८९३ चं भाषण. मायकेल जॉर्डन. अल कपोन. ताटाएवढा जाडजूड डीप डिश पिझ्झा. आणि ऑनसाइट गेलेल्या प्रत्येक मित्रानं त्या चकचकीत ‘बीन’समोर काढलेला सेल्फी! दोन दिवसांत हे सगळं ‘करून’ लोक नायगाऱ्याच्या वाटेला लागतात.

पण तुमच्याकडे तिसरा दिवस असेल तर एक वेगळा रूट आहे. कुठल्याही टूर कंपनीच्या ब्रोशरमध्ये तो सापडणार नाही. या रूटवर एक रेल्वे स्टेशन आहे, एक कोर्ट आहे, एक लायब्ररी आहे आणि तळ्याकाठचा बाक आहे. या सगळ्यांना जोडणारी बाई आहे व्हिव्हियन मायर. पेशानं मुलं सांभाळणारी नॅनी आणि एरवी… विसाव्या शतकातली एक जबरदस्त स्ट्रीट फोटोग्राफर. मात्र ती जिवंत असेपर्यंत दुसऱ्या ओळखीचा पत्ता जवळपास कुणालाच नव्हता!

पहिला स्टॉप : चारशे डॉलरच्या आतलं खोकं

ओ’हेअर विमानतळावरून शहरात यायला ब्लू लाइन आहे. शिकागोकर आपल्या लोकलला ‘एल’ म्हणतात, कारण तिचा बराचसा मार्ग रस्त्याच्या डोक्यावरून जातो. आयर्व्हिंग पार्क स्टेशनला उतरून पश्चिमेकडे जाणारी ८० नंबरची बस घेतली की पोर्टेज पार्क हा भाग लागतो. विटांची बुटकी घरं, छोटी दुकानं, ‘सिक्स कॉर्नर्स’ नावाचा जुना बाजारचौक. टुरिस्ट इथं फिरकत नाहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर मुंबई बघायला आलेल्यानं मुलुंडला उतरावं, तसं हे!

२००७ मध्ये जॉन मलूफ नावाचा एक तरुण या भागाच्या इतिहासावर पुस्तक लिहीत होता. वय पंचविशीचं, धंदा इस्टेट एजंटचा. पुस्तकासाठी जुने फोटो हवेत म्हणून तो एका लिलावात गेला. तिथं भाड्यानं घेतलेल्या लॉकर-खोल्यांमधलं सामान विकायला ठेवलं होतं. भाडं थकलं की मालक सामान लिलावात काढतो, हा तिथला रिवाज. मलूफनं निगेटिव्हनी भरलेलं एक मोठं खोकं उचललं. किंमत? चारशे डॉलरच्या आत. आजच्या हिशेबानं एक बरा मोबाइलसुद्धा येणार नाही!

पुस्तकासाठी त्यातलं काहीच कामाचं निघालं नाही. खोकं बाजूला पडलं. नंतर त्यानं निगेटिव्ह स्कॅन करायला घेतल्या, काही ईबेवर विकल्याही. त्यातल्या काही अ‍ॅलन सेकुला या फोटोग्राफर आणि अभ्यासकाच्या हाती पडल्या आणि त्यांनी मलूफला सुचवलं की हे काम असं फुटकळ विकून पांगवू नकोस. तेव्हा कुठे याला कळलं की आपल्याकडे काहीतरी भलतंच आलंय. मग त्यानं त्याच लिलावात इतरांनी घेतलेली खोकीही शोधून शोधून विकत घ्यायला सुरुवात केली. सगळा पसारा मिळून एक लाखाहून जास्त निगेटिव्ह. शिवाय शेकडो रोल असे, की जे कधी धुतलेच नव्हते!

एका पाकिटावर नाव सापडलं – व्हिव्हियन मायर. एप्रिल २००९ मध्ये त्यानं ते गूगल केलं, तर समोर आली ‘शिकागो ट्रिब्यून’मधली श्रद्धांजली. अवघ्या काही दिवसांपूर्वीची! २१ एप्रिलला, वयाच्या ८३ व्या वर्षी ती गेली होती. म्हणजे तिचं सामान विकलं गेलं तेव्हा, आणि मलूफ तिचे फोटो स्कॅन करत होता तेव्हाही, ही बाई त्याच शहराच्या परिसरात जिवंत होती.

हा तपशील जरा वेळ डोक्यात राहू द्या. कारण पुढचं सगळं भांडण इथूनच सुरू होतं.

स्टेट स्ट्रीटवरची तिरपी सावली

पुन्हा ब्लू लाइन पकडून शहराच्या मध्यभागी, म्हणजे ‘लूप’मध्ये यायचं. स्टेट स्ट्रीटवर उभं राहिलं की मायरचे फोटो आपोआप दिसायला लागतात. दुकानाच्या काचेत पडलेलं प्रतिबिंब, कोपऱ्यावर ताटकळणारी फरकोटातली बाई, रडून रडून लाल झालेलं पोर, फुटपाथवर झोपलेला माणूस. आणि मधूनच ती स्वतः. कधी आरशात, कधी काचेत, तर कधी नुसती जमिनीवर पडलेली हॅट घातलेली सावली.

मायर जन्मली १९२६ मध्ये न्यूयॉर्कला. आई फ्रेंच, वडील ऑस्ट्रियन वंशाचे. बालपणातली काही वर्षं फ्रान्समधल्या आल्प्सच्या डोंगरात, शांसोर नावाच्या खोऱ्यात गेली. १९५६ मध्ये ती शिकागोला आली आणि मुलं सांभाळायला लागली. सुट्टीच्या दिवशी, किंवा चक्क सांभाळायच्या पोरांना सोबत घेऊन, ती रस्ते पालथे घालायची. गळ्यात रोलिफ्लेक्स. हा कॅमेरा डोळ्याला लावायचा नसतो. पोटाशी धरायचा आणि वरून आत बघायचं. त्यामुळे समोरच्याला पत्ताच लागत नाही की आपला फोटो निघतोय. एका रोलमध्ये फक्त १२ फोटो! आपण एका वडापावचे तेवढे काढतो.

१९५९ मध्ये ती एकटी जगाच्या सफरीवर निघाली. फिलिपीन्स, थायलंड, इजिप्त… आणि भारतसुद्धा! एक नॅनी, साठवलेले पैसे, गळ्यात कॅमेरा आणि एकटीनं केलेली वर्ल्ड टूर. सोलो ट्रिप ही आपल्या पिढीनं शोधलेली गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी याची नोंद घ्यावी!

फोटो ती फारच थोडे छापून घ्यायची, बाकी सगळं खोक्यांत. ‘तिला कुणी बघावं असं वाटतच नव्हतं’ असं सर्रास लिहिलं जातं. पण कागदपत्रं जरा वेगळं सांगतात. फ्रान्समधल्या आपल्या खोऱ्यातल्या एका फोटो-लॅबवाल्याला तिनं पत्र लिहून, माझे फोटो छापशील का, असं विचारलं होतं. कागद कसा हवा, इथपर्यंत तिची मतं पक्की होती. म्हणजे दार अगदीच बंद नव्हतं. ते नंतर कधी आणि का मिटलं, हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

पिकासोचा पुतळा सगळ्यांचा, बीन मात्र एकट्याचं!

आता खरा मसाला. लूपमध्ये वॉशिंग्टन स्टेशनपासून अगदी दोन पावलांवर डेली सेंटर आहे. काळपट-तपकिरी पोलादाची उंच इमारत, आणि त्यात कुक काउंटीची कोर्टं. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं. माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेचं काय करायचं हे ठरवणारं कोर्टही याच इमारतीत. इमारतीसमोरच्या चौकात पिकासोचं प्रचंड शिल्प उभं आहे. उंची ५० फूट. ते बाईचं डोकं आहे, कुत्रा आहे की पक्षी, यावर शिकागोकर १९६७ पासून वाद घालताहेत. पोरं त्याच्या उतारावरून खुशाल घसरगुंडी खेळतात.

गंमत म्हणजे या शिल्पावरही खटला झाला होता. पिकासोनं मानधन नाकारून ते शहराला भेट दिलं. शहराच्या इमारत आयोगानं मात्र त्यावर कॉपीराइट सांगितला. एका छोट्या प्रकाशनसंस्थेनं आव्हान दिलं आणि १९७० मध्ये कोर्टानं निकाल दिला – शिल्पाचा नमुना आधीच लोकांसमोर आला होता, त्यावर त्या काळच्या कायद्याला हवी असलेली कॉपीराइटची सूचना नव्हती, त्यामुळे हक्क संपला. शिल्प सगळ्यांचं! मगवर छापा, टी-शर्टवर छापा, बिनधास्त.

इथून चालत पाच-सात मिनिटांवर मिलेनियम पार्क, आणि तिथं आपलं लाडकं ‘बीन’. खरं नाव ‘क्लाउड गेट’. ते घडवणारा अनीश कपूर आपल्या मुंबईत जन्मलेला! तर हे बीन उभं आहे शहराच्या बागेत, पण त्याच्या प्रतिमेचा हक्क आहे कपूरकडे. अमेरिकेतल्या बंदूकवाल्यांच्या बलाढ्य संघटनेनं आपल्या जाहिरातीत बीनची झलक दाखवली, तर कपूरनं २०१८ मध्ये सरळ केस ठोकली. वर्ष संपायच्या आत त्यांना ते दृश्य काढावं लागलं. (तुमच्या सेल्फीला काही धोका नाही, निवांत राहा!)

पाच-सात मिनिटांच्या अंतरावर दोन शिल्पं, दोन वेगळे न्याय. पण मुद्दा एकच : वस्तू कुणाकडे आहे आणि तिची नक्कल करायचा हक्क कुणाकडे आहे, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात त्यासाठी खास कलम आहे, २०२ नंबरचं. तुम्ही पुस्तक विकत घेतलंत म्हणून त्याच्या हजार प्रती छापून विकता येत नाहीत. तसंच निगेटिव्हचं खोकं घेतलंत, तरी त्यातून फोटो छापून विकायचा हक्क आपोआप मिळत नाही. तो फोटो काढणाऱ्याकडेच राहतो. आणि त्याच्या मृत्यूनंतर आणखी ७० वर्षं त्याच्या वारसांकडे. मायरच्या बाबतीत हिशेब करा – २०७९ सालच्या अखेरपर्यंत!

वारस शोधा, वारस!

इथंच तर गोची होती. मायरनं लग्न केलं नव्हतं. मूलबाळ नाही. मृत्युपत्र सापडलं नाही. मलूफला कायद्याची कल्पना होती. त्यानं वंशावळी शोधणारी माणसं लावली आणि फ्रान्समधला आईकडून लागणारा एक लांबचा भाऊ शोधून काढला. त्याच्याकडून त्यानं पैसे देऊन हक्क लिहून घेतले. मग पुस्तकं आली, गॅलऱ्यांमध्ये प्रिंट विकले जाऊ लागले. २०११ मध्ये शिकागो कल्चरल सेंटरमध्ये तिचं प्रदर्शन लागलं. बीनच्या समोरच, रस्ता ओलांडला की ही इमारत. २०१३ मध्ये ‘फाइंडिंग व्हिव्हियन मायर’ ही डॉक्युमेंटरी आली, तिला ऑस्करचं नामांकनसुद्धा मिळालं. ‘नॅनी फोटोग्राफर’ सुपरहिट!

तोच २०१४ च्या जूनमध्ये डेली सेंटरच्या कोर्टात एक अर्ज आला. अर्ज करणारा वकील व्हर्जिनियाचा, आणि वकील होण्याआधी स्वतः व्यावसायिक फोटोग्राफर. त्याला एकच गोष्ट खटकत होती. जिनं फोटो काढले तिच्याशी काडीचाही संबंध नसलेले लोक त्यावर कमावताहेत, हे कसं? त्यानं फ्रान्समधल्या गाप गावात आणखी एक लांबचा भाऊ शोधला होता. एक निवृत्त सरकारी कर्मचारी. वकिलाचं म्हणणं, खरा वारस हा!

झालं! आता दोन भाऊ. दोघंही एक पिढी इकडेतिकडे, आईच्या माहेराकडचे. आपल्याकडे असे नातेवाईक लग्नाच्या यादीत ‘बोलवायचं का?’ या कॉलममध्ये असतात. त्यात आणखी एक पेच. मायरला एक सख्खा मोठा भाऊ होता. त्याचं पुढं काय झालं, त्याला मूल होतं का, हे तेव्हा कोर्टापुढं स्पष्ट नव्हतं. असतं, तर हे दोघंही बाद. हा भाऊ १९७७ मध्येच वारल्याचं नंतरच्या शोधात समोर आलं.

कोर्टानं मग तिची मालमत्ता काउंटीच्या ‘पब्लिक अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’कडे सोपवली. ज्याचं कुणी सापडत नाही त्याचं सामान-सुमान सांभाळणारा हा सरकारी अधिकारी. इलिनॉय राज्यात वारस मिळालाच नाही, तर अशी मालमत्ता शेवटी काउंटीकडेच जाते. या ऑफिसनं मलूफला आणि गॅलऱ्यांना पत्रं धाडली – विक्रीचे कागद जपून ठेवा, प्रकरण कोर्टात जाऊ शकतं. २०१६ मध्ये मलूफ आणि मायरची इस्टेट यांच्यात समझोता झाला. अटी गोपनीय. त्यानंतर मलूफचं काम रीतसर सुरू राहिलं.

दुसरा संग्राहक जेफ्री गोल्डस्टीन. त्यानं २०१० मध्ये आणखी एका खरेदीदाराकडून साधारण १७,५०० निगेटिव्ह घेतल्या होत्या. वारसाचा वाद पेटल्यावर २०१४ च्या शेवटी त्यानं आपल्याकडच्या ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह टोरांटोच्या एका गॅलरीवाल्याला विकून टाकल्या. पण आधी छापून विकलेल्या प्रिंटचं काय? २०१७ मध्ये इस्टेटनं त्याच्यावर कॉपीराइटभंगाची केस केली. ही डेली सेंटरमध्ये नाही, फेडरल कोर्टात. डेली सेंटरपासून डिअरबॉर्न स्ट्रीटनं सरळ दक्षिणेला गेलं की अलेक्झांडर काल्डरचं लालभडक ‘फ्लेमिंगो’ शिल्प दिसतं. तोच तो चौक.

बघा, कसं झालं. निगेटिव्ह शिकागोतून कॅनडात गेल्या. त्या छापायचा हक्क मात्र शिकागोच्या एका सरकारी फाइलीत. आणि ज्यांच्या नावावर तो जाऊ शकतो ते आल्प्सच्या पायथ्याशी!

मग बरोबर कोण?

लंच ब्रेकमध्ये वाद घालायला यापेक्षा चांगला विषय नाही. मलूफच्या बाजूनं बोला. त्यानं ते खोकं उचललं नसतं, तर हे फोटो कचऱ्यात गेले असते. वर्षानुवर्षं त्यानं रोल धुतले, स्कॅनिंग केलं, स्वतःचा पैसा आणि वेळ ओतला. ज्या वारसांसाठी कोर्ट भांडतंय, त्यांनी तिच्या आयुष्यात कधी विचारपूस केल्याची नोंद नाही.

आता वकिलाच्या बाजूनं बोला. फोटो तिच्या डोळ्यांतून आले. एक लाखातले कुठले शंभर जगाला दाखवायचे, हे आता दुसरा ठरवतो. ती स्वतः प्रिंट करून घ्यायची तेव्हा फोटोचा हवा तेवढाच भाग ठेवायची. नंतरच्या प्रिंटमध्ये तो निर्णय तिचा नाही. इतकंच कशाला, तिची गोष्टसुद्धा विकणाऱ्यांनीच सांगितली – ‘गूढ, विक्षिप्त नॅनी’. फोटोग्राफर आणि प्राध्यापक पामेला बॅनोस यांनी २०१७ मध्ये तिचं चरित्र लिहिलं, त्यातला मुख्य आक्षेप हाच आहे. त्यांचं म्हणणं, ती फोटोग्राफर होती आणि पोटासाठी नॅनीचं काम करायची. उलटं नाही.

कायदा यातलं काहीच मोजत नाही. मेहनत किती, प्रेम किती, ओळख किती, यासाठी कुठलाही रकाना नाही. तो फक्त दोनच गोष्टी विचारतो : कागद आहे का? नसेल तर रक्ताचं कोण?

आणि म्हणूनच या सफरीचा पुढचा भाग बघायलाच हवा.

तळ्याकाठचा बाक

लूपमधून रेड लाइननं उत्तरेला अर्धा-पाऊण तास गेलं की रॉजर्स पार्क. शेवटची वर्षं मायर इथं राहायची. मिशिगन लेकच्या काठी, बाकावर तासन्‌तास बसलेली म्हातारी म्हणून शेजारपाजारच्यांना ती आठवते. लेक म्हणजे नावाला तळं! पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, वारा असा की मरीन ड्राइव्हचा पावसाळा फिका पडावा. टुरिस्ट नाहीत, फेरीवाले नाहीत. कुत्र्यांना फिरवायला आलेले लोक आणि कॉलेजची पोरं.

पण म्हातारपणी, पैसे नसताना, हे घर तिला मिळालं कसं? १९५६ पासून साधारण दीड दशक ती हायलंड पार्क या श्रीमंत उपनगरात एका कुटुंबाकडे होती. तिथल्या तीन भावांना तिनं लहानाचं मोठं केलं. ती मुलं पुढं मोठी झाली आणि त्यांनीच तिच्या राहण्याची सोय केली. २००८ च्या अखेरीस ती बर्फावरून घसरून पडली, तेव्हा धावपळ त्यांनीच केली. शेवटचे महिने ती हायलंड पार्कच्याच नर्सिंग होममध्ये होती. तिच्या अस्थी त्यांनी त्या जंगलात विखुरल्या, जिथं ती त्यांना लहानपणी रानातल्या स्ट्रॉबेरी शोधायला न्यायची. ‘ट्रिब्यून’मधली ती श्रद्धांजलीही त्यांनीच छापून आणली. ती नसती, तर मलूफच्या गूगल सर्चला काहीच सापडलं नसतं.

आणि या तिघांचा तिच्या फोटोंवर हक्क किती? शून्य!

खोकं उचलणाऱ्याचा हक्क नाही. शेवटपर्यंत सांभाळणाऱ्यांचा नाही. हक्क कुणाचा असलाच, तर वंशावळीच्या तक्त्यावर बोट फिरवून शोधलेल्या कुणाचा तरी. हे अन्यायाचं वाटतं ना? पण एक गोष्ट विसरायची नाही. हे बदलायला एक कागद पुरला असता. आणि वारसाहक्क म्हणजे काय, हे तिला माहीत नव्हतं असंही नाही. १९५० मध्ये ती फ्रान्सला परत गेली होती, ती थोर-मावशीनं मागं ठेवलेलं शेतघर विकण्याच्या कामासाठीच! मृत्युपत्र, सही-शिक्का, लिलाव, सगळं तिनं तरुणपणीच बघितलं होतं. तरीही स्वतःच्या लाखभर फोटोंबद्दल तिनं एक ओळसुद्धा लिहून ठेवली नाही.

एक चांगली बातमीही आहे. मलूफनं २०१७ पासून तिनं स्वतः छापून घेतलेले किंवा तिच्या हयातीत छापले गेलेले प्रिंट शिकागो युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीला देणगी द्यायला सुरुवात केली. पहिल्या खेपेला सुमारे ५००, नंतर आणखी बरेच. म्हणजे तिचा स्वतःचा निर्णय दिसतो असा भाग तरी आता अभ्यासकांना खुला आहे. शहराच्या दक्षिणेला, हाइड पार्कमध्ये ही लायब्ररी आहे.

आपल्या माळ्यावरचं खोकं

तुम्ही म्हणाल, आपण कुठे मायर? बरोबर. पण फोनमधले फोटो मोजून बघा. दहा वर्षांत तुम्हीही दहा-वीस हजार काढलेत. शिवाय घरात आजोबांचे अल्बम, काकांच्या स्लाइड्स, बाबांच्या निगेटिव्हचा तो बिस्किटाचा डबा. दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे जाईल तो!

आपल्याकडचा कायदा थोडक्यात असा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढणारा हा पहिला मालक. पण नोकरीचा भाग म्हणून ऑफिससाठी काढलात, तर वेगळा करार नसल्यास मालकी कंपनीची. पैसे देऊन कुणाकडून काढून घेतलेत, म्हणजे लग्नाचे वगैरे, तर पुन्हा वेगळा करार नसल्यास मालक तुम्ही! (तेव्हा लग्नाच्या फोटोग्राफरनं सही घेतलेला कागद नीट वाचा.) पूर्वी फोटोचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं टिकायचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो फोटोग्राफरच्या हयातभर आणि पुढे ६० वर्षं असतो. आणखी एक चांगलं कलम आहे. प्रसिद्ध न झालेले फोटो तुम्ही मृत्युपत्रानं कुणाला दिलेत, तर वेगळं काही लिहिलेलं नसल्यास त्यांचा कॉपीराइटही सोबत जातो. म्हणजे मृत्युपत्रातून आलेल्या खोक्याबरोबर हक्कही येतो. रद्दीतून आलेल्या खोक्याबरोबर फक्त खोकं.

हे नीट करणारी माणसंही आहेत. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या. स्वातंत्र्यकाळातल्या दिल्लीचे त्यांचे फोटो आपण शाळेच्या पुस्तकांपासून बघत आलोय. २०१२ मध्ये त्या गेल्या. पण त्याआधीच, स्वतःच्या हातानं, त्यांनी आपला संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे सोपवला होता. कुठं जायचं, कुणी सांभाळायचं, हे त्यांचं त्यांनी ठरवलं. मायरच्या बाबतीत हे ठरलं ते भाडं थकल्यावर, लिलावात.

आणि फोनचं काय? गूगलमध्ये ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे, आयफोनमध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’. आपण नसू तेव्हा खातं कुणाला उघडता यावं, हे आधीच सांगून ठेवता येतं. दहा मिनिटांचं काम. पण लक्षात ठेवा, हीसुद्धा फक्त खोक्याची किल्ली आहे. हक्कासाठी कागदच लागतो. साध्या मृत्युपत्रातली एक ओळ, दोन साक्षीदारांच्या सह्या. ‘माझे फोटो हिचे.’ किंवा ‘माझे फोटो जाळून टाका.’ काहीही लिहा, पण लिहा. नाहीतर ते ठरवायला कुणीतरी तुमचा लांबचा भाऊ शोधत येईल!

शिकागोत असाल तर…

• कसं फिराल : ‘एल’चा डे-पास काढा. ब्लू लाइननं पोर्टेज पार्क आणि डेली सेंटर, रेड लाइननं रॉजर्स पार्क. एका दिवसात सगळं जमवायचं तर सकाळी लवकर निघा.

• फुकटात काय : पिकासो, फ्लेमिंगो, बीन आणि लेकचा काठ. शिकागो कल्चरल सेंटरलाही तिकीट नाही. १८९७ मध्ये लायब्ररी म्हणून बांधलेल्या या इमारतीतला टिफनीच्या काचेचा घुमट चुकवू नका.

• अभ्यासूंसाठी : हाइड पार्कला मिलेनियम स्टेशनवरून मेट्रा ट्रेन जाते. युनिव्हर्सिटीच्या दुर्मीळ संग्रहात मायरचे प्रिंट आहेत, पण आधी लिहून वेळ ठरवा.

• उत्तरेकडे : हायलंड पार्कला रॉजर्स पार्कवरून मेट्रानं जाता येतं. झाडीतली शांत घरं बघत एक चक्कर मारा. मायर पोरांना घेऊन कुठं कुठं हिंडली असेल याचा अंदाज येतो.

• पोटोबा : रॉजर्स पार्कवरून १५५ नंबरची बस डेव्हन अ‍ॅव्हेन्यूनं पश्चिमेला जाते. समोसे, डोसे, पान, साड्या, सगळं हजर! पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान १९७४ मध्ये याच रस्त्यावर सुरू झालं. भूक भागली की तिथलाच एखादा फोटो काढा. मालक तुम्हीच!